धुऊन वापरा

४ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

सकाळी कुरिअरवाला येऊन गेला. जाणारी पार्सलं थोडी होती, परत आलेली जास्त. ती दुपारपर्यंत उघडून तपासली. जेवले. संध्याकाळी खरेदीदारांना उत्तरं लिहिली. दिवस संपला.

तुम्ही नीट पोचल्याचं कार्डावरून कळलं. हे गेल्यावर तुम्ही येऊन राहिलात त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही. घरात कोणीतरी मोठ्याने बोलणारं होतं, मला तेवढं पुरे होतं. कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही मोठ्याने बोलता आणि उगीच लाज धरता. आता घर फार गप्प आहे. फोन मी दिवसभर बंदच ठेवते. खरेदीदार कुठून तरी नंबर काढतात आणि जेवणाच्या वेळेलाही भांडतात. तुम्हालाही फोनवर ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पत्रांचंच बरं.

कोटच तर विकायचे, त्यात एवढं किळस येण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. समोर असताना मला सांगता आलं नाही. लिहून सांगते.

हे असताना परत आलेलं पार्सल हेच उघडायचे. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून जन्म गेला, त्यामुळे हात आणि नाक दोन्ही पक्के होते. कारखाना बंद पडल्यावर ॲपवर कोटांचं दुकान उघडलं, तेव्हा मी फक्त उत्तरं लिहायची असं ठरलं होतं. आता दोन्ही माझ्याकडे आहे. पार्सल उघडलं की आधी वास घ्यायचा. कॉलर, मग काखा, मग अस्तर. डोळ्यांना कोरा दिसणारा कोट नाकाला फसवू शकत नाही. लोक समारंभासाठी कोट मागवतात, टॅग बाहीत दडवून दिवसभर घालतात, फोटो काढतात आणि ‘साइज बसत नाही’ असं कारण टाकून परत पाठवतात. काल एकाच्या खिशात चघळून कागदात गुंडाळलेलं च्युइंगगम निघालं. एकाच्या बाहीला आतून शेंबूड सुकलेला होता. लहान मुलाचा नव्हे वन्सं, कोट मोठ्या माणसाचा होता. एकाने कॉलरची पावडर ओल्या फडक्याने पुसायला जाऊन आणखी पसरवली आणि वर लिहिलं, ‘माल आला तेव्हाच असा होता.’ प्रत्येक पार्सलनंतर मी कोपरापर्यंत साबणाने हात धुते. कातडी सोलवटली आहे, पण धुतल्याशिवाय पुढचं उघडवत नाही.

घातलेला माल आपल्याला नाकारता येतो. नाकारला की त्याच माणसाला परत पाठवायचा. तुम्ही निघायच्या दिवशी एक करडा कोट बांधून दिलात, तो तसलाच होता. ‘बाह्या आखूड’ म्हणून परत केलेला, आणि कॉलरला अत्तराचा भपकारा. मी स्वयंपाकघरात अडकले होते, तुम्ही माझ्या हातून तेवढं काम काढून घेतलंत हे फार बरं झालं. त्या माणसाचं तोंड पुन्हा बघावं लागणार नाही. म्हणजे त्याची अक्षरं.

यांच्या कपड्यांचंही तुम्ही विचारलं होतंत. सगळे देऊन टाकायचे ठरवलं आहे. एक वस्तू सोडून. ती आहे तिथेच राहू दे. तिला मी हात लावत नाही.

तब्येतीला जपा.

तुमची वहिनी

१३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र जेवताना वाचायला घेतलं ही माझीच चूक. शेंबडापाशी आले आणि ताट सरकवलं. सूनबाई घाबरली. ‘आई, वाईट बातमी आहे का?’ म्हटलं, बातमी कसली, कोण कुठला घोडा बाहीला नाक पुसतो आणि वर पैसे परत मागतो! तिलाही मग जेवण जाईना. मुलगा तेवढा शांतपणे दोघींच्या वाटणीचं जेवला. बापावर गेलाय.

आणि त्या करड्या कोटवाल्याला तू नुसतं अत्तरावर सोडलंस? तुझं नाक चोंदलंय बाई. मी बांधला ना तो कोट! कसलं अत्तर आणि कसलं काय. घाम, डोक्याचं तेल आणि वर काहीतरी गंजल्यासारखं. कॉलर तर चकाकत होती. नाक धरून एका हाताने घडी घातली, आणि चिकटपट्टी लावताना त्या माणसाला मनातल्या मनात दिल्या तेवढ्या शिव्या मी माझ्या सासूलाही दिल्या नसतील. दादा असता तर त्याने तो कोट काठीने उचलून रस्त्यावर टाकला असता. एवढा स्वच्छ माणूस, आणि पोटासाठी त्याला लोकांच्या काखा हुंगाव्या लागल्या. तू आता बंद कर ते दुकान. उरलेला माल एखाद्या दुकानदाराला देऊन टाक आणि इकडे ये. इथे एक खोली रिकामी आहे आणि माझं डोकं खायला कोणी नाही.

आणि वस्तू कुठली गं? मला सांगायला काय झालं? एवढे दिवस एका छपराखाली राहिलो, आणि तू मला विचारलंस काय, तर चहात साखर किती. दादा म्हणायचा, ‘तुझ्या वहिनीचं बोलणं ऐकायचं तर ती झोपेत बरळायची वाट बघावी लागते.’ मी बहिरी आहे, पण वाचता येतं मला. लिही.

तुझी नणंद

२२ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

आज तीन पार्सलं परत आली. एक उघडलं आणि दोन उद्यावर टाकली. दुपारी पाय मोकळे करायला कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन आले. साबण आणला.

तुमचं पत्र वाचून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून लिहिते.

ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं, तो करडा कोटवाला परत उगवला. त्याची तक्रार अशी: ‘तुम्ही पाठवलेला कोट माझा नाही. हा कोणीतरी वापरलेला आहे. माझ्या कोटाच्या बाह्या आखूड होत्या, याच्या लांब आहेत. याला माणसाचा वास येतो.’ आता सांगा. याला माणसाचा वास येतो! स्वतः घालून फिरला, तेव्हा कोणाचा येत होता? ही चाल जुनी आहे. नवा कोट ठेवून घ्यायचा, घरातला जुनापाना पुढे करायचा आणि ‘तुम्हीच हा पाठवलात’ म्हणायचं. हे असताना एकाने असाच भावाचा फाटका कोट पाठवला होता, खिशात भावाच्या कंगव्याचा तुकडा तसाच.

त्याने फोटोही जोडले होते. मी उघडले नाहीत. हल्ली मी कोणाचेच फोटो उघडत नाही. लोक डागांचे, काखांचे, अस्तरात अडकलेल्या केसांचे फोटो अगदी जवळून काढून पाठवतात. ते डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मी सहसा सभ्यपणे लिहिते. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. लिहिलं, ‘आपण खोटं बोलत आहात. आपलाच कोट आपल्याला पाठवला आहे. वास सहन होत नसेल तर धुऊन वापरा.’ आणि तक्रार बंद करून टाकली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तुम्हाला घामाचा वास आला आणि मला अत्तराचा, यात काही नवल नाही. हे म्हणायचे, अत्तर उडून गेलं की खालचा माणूस वर येतो.

आता वस्तूचं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, बोलून मला सांगता आलं नसतं. यांचा एक कोट आहे. आपल्याच दुकानातला. नग थोडा बिघडलेला होता म्हणून विकला नाही, थंडीत काम करताना घालायचे. शेवटच्या दिवशीही अंगात तोच होता. दवाखान्यात नेताना मी काढून घेतला आणि पार्सलच्या खोलीत दाराआडच्या खुंटीवर अडकवला. तेव्हापासून ते दार मी सताड उघडं ठेवते, म्हणजे तो दार आणि भिंतीच्या मधे राहतो आणि दिसत नाही. जवळ जात नाही. दिवसभर लोकांचे वास घेतलेल्या नाकाने तिथे जाववत नाही, आणि सारखं गेलं तर आहे तो वास लवकर संपेल असंही वाटतं. कधीतरी अगदीच राहवलं नाही तर जायचं असं ठरवलं आहे. तो तिथे आहे एवढ्यावर माझं चालतं.

हे तुमच्या सूनबाईंना वाचून दाखवू नका.

तुमची वहिनी

३० नोव्हेंबर

वहिनी,

हातातलं सगळं टाकून लिहिते आहे. सूनबाईला तुझा फोन लावायला सांगितला. दहा वेळा लावला, बंद.

आधी जाऊन दाराआड बघ. मग पुढचं वाच.

मी तो कोट दाराआडून घेतला. जायच्या दिवशी म्हटलं, खोली झाडून द्यावी. कचरा दारामागे असतो म्हणून दार लोटलं, तर खुंटीवर करडा कोट. तुला ओरडून विचारलं, ‘करडा कोट टांगलाय तोच ना गं परत पाठवायचा?’ तू स्वयंपाकघरातून ‘हो, खोलीत टांगलाय तोच’ म्हणालीस. म्हणजे मला तसं ऐकू आलं. मला काय माहीत परतीचा कोट दुसरीकडेच कुठेतरी टांगलेला होता! लेबल तुमच्याच दुकानाचं. वासही तू सांगत होतीस तसाच घाणेरडा, असं मला वाटलं.

त्या माणसाला लगेच लिही. कोट त्याच्याकडे आहे. पाया पड, काहीही कर.



नणंद

६ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. दारातच उघडलं, उभ्याने वाचलं. मग खोलीत जाऊन दार लोटलं. खुंटी रिकामी होती. अत्तराचा कोट तपासणीच्या दांड्यावर, बाकीच्या परतीच्या कोटांच्या गर्दीत, त्याच्या पिशवीत, आहे तसाच लटकत होता.

तुम्ही विचारलं होतंत आणि मी ‘हो’ म्हणाले होते, हे मला आठवतं. बरोबरच ऐकू आलं तुम्हाला.

मग त्या माणसाचे फोटो उघडले. कोट कोणाच्या तरी पलंगावर पसरलेला होता. हे टेबलावर उजवं कोपर टेकत असत तिथली झीज. खालचं बटण मी काळ्या दोऱ्याने लावलं होतं, कारण त्या दिवशी करडा दोरा सापडला नव्हता, तो काळा दोरा. काखेचा एक फोटो अगदी जवळून काढलेला. असला फोटो मी कधी न्याहाळला नसता. हा मोठा करून पाहिला.

तक्रार मीच बंद केलेली, त्यामुळे ॲप ती उघडू देईना. सारखं येई, ‘या वस्तूसाठी परतीची विनंती आता करता येणार नाही.’ हेच वाक्य मी लोकांना किती वेळा पाठवलं असेल. शेवटी त्याला साधा निरोप लिहिला, की कोट कृपया परत पाठवा, तुमचा तुम्हाला देते, पैसेही परत करते. त्याचं उत्तर आलं, ‘आधी खोटारडा म्हणालात, आता आपणहून परत मागता. ही कसली भानगड आहे?’ बरोबर होतं त्याचं. मीही हेच लिहिलं असतं.

तेव्हा मग लिहावंच लागलं. ‘तो कोट माझ्या यजमानांचा आहे. ते आता नाहीत. चुकून आपल्याकडे आला.’ हे गेल्याचं मी आजवर परक्या माणसाला कधी लिहिलं नव्हतं. दुकानाच्या पानावर अजून त्यांचंच नाव आहे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तसंच उतरवते. ‘लगेच पाठवतो. पहिला कोट मी मुलाखतीला घातला होता. भाड्याने घेण्याइतके पैसे नव्हते. ते तुम्ही बरोबर ओळखलंत. हा मात्र खरंच माझा नव्हता.’

म्हणजे तो एकदा खोटं बोलला आणि एकदा खरं, आणि दोन्ही वेळी मी त्याला एकच समजले.

मी त्याला ‘वास येत असेल तर धुऊन वापरा’ असं लिहिलं होतं, ते तुमच्या लक्षात असेल. त्याने ऐकलं का, हे मी विचारलेलं नाही. निरोप दोनदा लिहून पुसला. येईल तेव्हा कळेलच.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची वहिनी

१४ डिसेंबर

वहिनी,

लावून घेऊ नका म्हणे. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर रात्री जेवले तरी असते.

लहानपणी आम्हा दोघांना एकच पांघरूण होतं. तो सगळं ओढून घ्यायचा आणि मी त्याच्या पाठीला नाक लावून झोपायची. त्या नाकाने, वहिनी, त्याच नाकाने मी त्याच्या कोटाला घाण म्हटलं. चिमटीत धरलं. गंजल्यासारखा वास म्हणाले, तो त्याच्या कात्र्यांचा होता. कालपासून तेच आठवतं आहे आणि माझीच मला शिसारी येते. तुझ्या त्या शेंबड्या गिऱ्हाइकाची येत नव्हती एवढी.

सूनबाईला सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. ती बिचारी माझा हात धरून बसली आणि म्हणाली, ‘आई, दुसऱ्याचा कोट कोण कशाला धुवेल? कोपऱ्यात फेकून दिला असेल.’ मला ते पटलं. फेकलाच असेल. ज्याला मुलाखतीसाठी कोट भाड्याने घेता येत नाही, तो धुलाईवाल्याला कुठून देतोय? फेकलेला असू दे बाई, चांगला चुरगळून फेकलेला असू दे.

आला की लगेच लिही. आणि तो फोन चालू ठेव.

तुझी नणंद

२१ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

सकाळी कुरिअरवाला येऊन गेला. जाणारं काही नव्हतं. परतीचं एकच पार्सल होतं.

त्याने खोकं नवं वापरलं होतं. आत पातळ कागद, त्यात प्लास्टिकचं आवरण, त्यात हँगरला लावलेला कोट. इतकं नीट पार्सल आमच्या दुकानात आजवर परत आलेलं नाही. सोबत चिठ्ठी होती.

‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोट धुलाईला दिला होता. एकदा दिल्यावर वास पूर्ण गेला नाही, म्हणून तुमचा निरोप आल्यावर पुन्हा दिला. तुमच्या यजमानांचा आहे म्हटल्यावर मला मळका पाठवायला बरं वाटेना. आता अगदी स्वच्छ आहे. खालचं बटण सैल होतं, आईने करड्या दोऱ्याने लावून दिलं. खिशात खडूचा तुकडा होता, तो वेगळा ठेवला आहे. मला नोकरी लागली.’

खडू कागदाच्या पुडीत होता. कापडावर खुणा करायचा, चपटा, एका बाजूने झिजलेला.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. कुठेतरी राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्याने काही चुकीचं केलेलं नाही. एवढी वर्षं लोकांनी आम्हाला घातलेले, वापरलेले, मळलेले कोट पाठवले. एका माणसाने स्वच्छ करून पाठवला, तो हा. आणि मी पहिल्यांदाच कोणाचा तरी घाम परत मागत होते.

सूनबाईंना सांगा, त्यांचं म्हणणं बरोबर होतं. न सांगता कोणी धुतलं नसतं.

तुमच्या शिसारीबद्दल एवढंच लिहिते. तुम्ही नाक धरलंत, पण कोट जसा होता तसा पाठवलात. धुवायला मी सांगितलं. तेव्हा ती शिसारी माझी मला असू द्या, तुम्ही घेऊ नका. तुम्हाला तो वास आला होता, गंजल्यासारखा, तेलाचा. मला तो शेवटचा कधी आला हे आठवत नाही, कारण मी पुरवून ठेवत होते. म्हणून एक मागते. तो कसा होता ते पुढच्या पत्रात पुन्हा एकदा लिहा. चांगलं-वाईट बघू नका, जसा आला तसा लिहा.

दुकान या महिन्याअखेर बंद करते आहे. अत्तराचा कोट त्या माणसाला पाठवला. नोकरीवर घालेल. बाह्या त्याला आखूडच होत्या, त्याचं ते खोटं नव्हतं, म्हणून पाठवण्याआधी यांच्या टेबलावर बसून मुडपलेलं कापड सोडून लांब करून दिल्या.

कोट तपासायचं काम मात्र केलं. हाताला सवय लागली आहे. तो टेबलावर घेतला, पसरला. कॉलर, मग काखा, मग अस्तर. साबणासारखं काहीतरी, आणि गरम इस्त्रीचं. माणूस नाही. असा कोट मी कोणाचाही असता तरी ‘न वापरलेला’ म्हणून परत घेतला असता.

दाराआडच्या खुंटीवर तो पुन्हा अडकवला. दार आता कसंही राहिलं तरी चालतं.

मग नेहमीप्रमाणे हात धुवायला मोरीत गेले. नळ सोडला, साबण घेतला. हातांना काही लागलेलं नव्हतं. साबण परत ठेवला आणि नळ बंद केला.